विजयानंद आणि पहिली रांग

वणीच्या माणसाला दोन कामांसाठी नाशिक गाठावंच लागतं. एक दिंडोरीत न मिटलेला कज्जा आणि दुसरं नाटक. दोन्ही ठिकाणी बसायला जागा कमी, बघायला माणसं जास्त, आणि घरी परतताना खिसा हलका. बाकी आमचं गावात काही अडत नाही. देवी गडावर आहे, बाजार पायथ्याशी आहे, द्राक्षं मळ्यात आहेत. नाटकासाठी म्हणून मुद्दाम बांधलेलं थिएटर तेवढं मी वणीत पाहिलेलं नाही. ती चीज पाहायची तर चाळीसेक किलोमीटर जावं लागतं.

याचा अर्थ आमच्या मुलखाला नाटक ठाऊक नाही असा कुणी करून घेऊ नये. आमच्या दिंडोरी, पेठ, सुरगाण्याच्या पट्ट्यात बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या रात्री मशालींच्या उजेडात देवादिकांची सोंगं नाचत येतात. आधी गणपती, मग सारजा, मग बाकीचे देव आणि राक्षस. लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे भलेथोरले मुखवटे, संबळ, पिपाणी, आणि पहाटेपर्यंत जागं गाव. तिथं पडदा नाही, तिकीट नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पहिली रांग नाही. ज्याला जिथं जागा सापडेल तिथं तो उभा. राक्षस अंगावर धावून आला की पुढचा माणूस मागे सरकतो, मागचा पुढे येतो, आणि सरपंच कुठं उभे आहेत हे सकाळ होईपर्यंत कुणाला कळत नाही.

हे एवढं लांबण लावण्याचं कारण असं, की मी ज्या इमारतीबद्दल सांगणार आहे तिच्या इतिहासात सगळा घोटाळा पहिल्या रांगेनं केलेला आहे.

नाटकाला इमारत मिळाली म्हणजे नक्की काय मिळालं? छप्पर मिळालं, हे दिसतंच. पण छपराबरोबर आणखी तीन गोष्टी आल्या. दार आलं, तिकीट आलं आणि रांग आली. मुंबईत १८४६ साली जगन्नाथ शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडचं थिएटर उभं राहिलं. सांगलीला १८४३ साली राजाच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' करणारे विष्णुदास भावे १८५३ मध्ये तिथं आपली मंडळी घेऊन गेले आणि तिकीट लावून खेळ केला. तोपर्यंत मराठी माणूस नाटकाला 'बोलावणं' आलं म्हणून जात असे. आता पैसे मोजून जाऊ लागला. पैसे मोजले की माणूस जाब विचारतो. 'वन्समोअर' हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला खरा, पण तो इतक्या आवडीनं वापरला त्याचं मूळ तिकिटात असावं असा माझा तर्क आहे. दिलेल्या पैशांत तेच पद दोनदा ऐकायला मिळत असेल तर सोडा कशाला?

मग गावोगाव थिएटरं झाली आणि त्यांची बारशी झाली. ही बारशी एकाच आत्याबाईनं केली की काय, असं वाटतं. पुण्यात 'आनंदोद्भव', पुण्यातच 'पूर्णानंद', नाशकात 'विजयानंद'. जिकडेतिकडे आनंदच. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पहिल्यांदा झालं ते आनंदोद्भवातच. त्या काळच्या लोकांचा हिशेब साधा होता. नाटकाला जायचं ते आनंदासाठी, तर तसं पाटीवर लिहून टाकावं. हल्ली आपण नाट्यगृहांना थोरामोठ्यांची नावं देतो. त्यामुळे आत नाटक वाईट निघालं तर तक्रार करायला थोडं संकोचल्यासारखं होतं. 'पूर्णानंद' नावाच्या थिएटरात अर्धवट आनंद मिळाला तर मात्र माणूस सरळ भांडू शकत असेल.

त्या वेळच्या संगीत नाटकांची एक सोय मला परगावचा प्रेक्षक या नात्यानं फार महत्त्वाची वाटते. नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं. लोक समजतात की पदं फार असत म्हणून. असेलही. पण त्यामुळे बैलगाडीनं आलेल्या माणसाची झोपायची पंचाईत आपोआप सुटे. नाटक संपलं की उजाडलेलं असे. बैल जुंपायचे आणि निघायचं. आता नाटक अडीच-तीन तासांत आटोपतं आणि आम्हा वणीकरांना तिसऱ्या अंकाचा शेवट बघायचा की शेवटची गाडी गाठायची, हा निर्णय घ्यावा लागतो. मी कित्येक नाटकांच्या नायिकांना ऐन पेचात सोडून निघून आलेलो आहे. त्यांचं पुढे बरं झालं असेल अशी आशा आहे.

असो. नाशकातल्या विजयानंदाकडे येऊ.

नाशकात माझे एक काका राहत. जुन्या नाशकातून चालताना ते विजयानंदापाशी थांबायचे, छत्रीचं टोक त्या दिशेला रोखायचे आणि म्हणायचे, "इथं, बरं का, जॅक्सनला उडवला." मी लहान असताना काकांच्या गोष्टीत गोळ्या चार होत्या. मी कॉलेजात जाईपर्यंत सहा झाल्या. मला नोकरी लागली तेव्हा पिस्तुल रिकामं होऊन दुसरं काढावं लागलं होतं. काका खोटं बोलत नव्हते. सांगणाऱ्याचा आवाज वयानं बारीक होत जातो, तेव्हा गोष्टीचा आवाज वाढवावा लागतो.

खरी हकिगत वाढवायची गरजच नाही, इतकी ती भरलेली आहे. १९०९ सालच्या २१ डिसेंबरची रात्र. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची बढतीवर मुंबईला बदली झाली होती आणि गावातल्या प्रतिष्ठितांनी त्यांना निरोप म्हणून विजयानंदात नाटक ठेवलं होतं. मंडळी किर्लोस्कर आणि नाटक देवलांचं 'शारदा'. साहेब आले, आपल्या जागेकडे निघाले, आणि अनंत लक्ष्मण कान्हेरे नावाच्या मुलानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. अनंता तेव्हा अठरा वर्षांच्या आसपासचा, औरंगाबादला शिकत होता. त्यानं पळायचा प्रयत्न केला नाही. जागच्या जागी पकडला गेला.

साडेसहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं, तेही सांगायला हवं. नाहीतर हे सगळं आभाळातून पडल्यासारखं वाटतं. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळं पाणी झालं होतं. त्यांच्यावरचा मुख्य आरोप काय, तर कविता छापल्या. बंदुका नाहीत, बाँब नाहीत; कविता. त्यांना पकडून खटल्यासाठी पुढे धाडणारे अधिकारी जॅक्सन. कवितांना इतका भाव त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळालेला नाही. आपले कवी आज मानधन वेळेवर येत नाही म्हणून कुरकुरतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण मला सगळ्यांत नवल वाटतं ते त्या रात्रीच्या नाटकाचं. सरकारला मराठी नाटकाची केव्हापासूनच धास्ती होती. १८७६ सालीच नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा करून ठेवलेला होता. १९०७ साली खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. पडद्यावर महाभारतातला विराटाचा राजवाडा, पण प्रेक्षकांनी कीचकाला ओळखलं आणि त्याचं नाव कर्झन आहे असं ठरवून टाकलं. सरकारनंही ओळखलं, मात्र जरा सावकाश, आणि १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. म्हणजे सरकार डोळ्यांत तेल घालून रंगमंचाकडे बघत होतं. कुठल्या पात्राच्या मिशा कुणासारख्या आहेत, कुठल्या पदातून राजद्रोह टपकतो, हे तपासत होतं.

आणि त्या रात्री रंगमंचावर काय होतं? 'शारदा'. एका म्हाताऱ्या श्रीमंताला कोवळ्या पोरीशी लग्न लावायचं आहे आणि तिचा लोभी बाप पैशांसाठी ते लावून देतो आहे, असं ते नाटक. भुजंगनाथ नवरदेव बनून हसं करून घेतो. त्यात इंग्रजाचं नाव नाही, राज्याचं नाव नाही. कुठल्याही कलेक्टरानं बायकोमुलांसह निर्धास्त बघावं असं ते सामाजिक नाटक. सरकारचं सगळं लक्ष रंगमंचावर होतं आणि जे घडलं ते प्रेक्षागृहात घडलं.

यात इमारतीचा हात आहे, असं माझं म्हणणं आहे. आमच्या बोहाड्यात कलेक्टर आला असता तर तो कुठं उभा राहील हे कुणालाही सांगता आलं नसतं. नृसिंह आल्यावर तो कदाचित झाडावरही चढला असता. थिएटरात तसं नाही. थिएटर म्हणजे कोण कुठं बसणार हे आधीच ठरवून ठेवणारं घर. साहेब पुढे बसणार, दारातून येणार, सगळे उठून उभे राहणार, मधल्या वाटेनं जाणार. मानाची जागा जितकी ठरलेली, तितकी ती सापडायला सोपी. मानाची खुर्ची ही मोठी सोयीची वस्तू आहे. पण सोय कुणाची, ते तिच्यात बसणाऱ्याला ठाऊक नसतं.

त्या एका रात्रीचा धागा ओढत गेलं तर तो कुठल्या कुठं जातो. ज्या ब्राउनिंग पिस्तुलानं गोळ्या झाडल्या ते विनायकराव सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी. अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. सावरकरांना त्याआधी मार्चमध्ये लंडनला अटक झाली होती. बोटीनं हिंदुस्थानात आणताना जुलैत त्यांनी मार्सेल्सच्या बंदरात उडी घेतली. मग फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात वाद, हेगला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खटला, आणि १९११ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या बाजूनं निकाल. त्याआधीच जानेवारीत सावरकरांना या खुनाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेप झाली होती. नाशकातल्या एका नाटकाच्या थिएटरातून निघालेली गोष्ट फ्रान्सच्या बंदरातून हेगपर्यंत जाऊन अंदमानला पोचली. एवढा लांबचा दौरा कुठल्याही नाटक मंडळीनं त्या काळी केला नव्हता.

आता थोडं त्या मेलेल्या माणसाबद्दल. जॅक्सन संस्कृत जाणणारे होते, लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. आपल्याकडच्या गोष्टी गोळा करण्याचा त्यांना नाद होता. खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांकडून त्यांनी माहिती मागवली होती. पाऊस पडावा म्हणून काय करता, भूत उतरवायला काय करता, देवाला नवस कसा बोलता. त्या कागदांवरून त्यांच्या मृत्यूनंतर, १९१४-१५ च्या सुमारास, एन्थोवेन यांनी गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुतींची पुस्तकं छापून काढली. एकच माणूस दिवसा कविता छापणाऱ्याला काळ्या पाण्याच्या वाटेला लावतो आणि रात्री त्याच देशातल्या ओव्या-नवसांचे कागद लावत बसतो. हे दोन्ही खरं. यातलं एक खोडून दुसरं ठेवलं तर गोष्ट सोपी होते, पण मग ती गोष्ट राहत नाही, धडा होतो.

आपल्याला धडेच आवडतात. नाशकातल्या जुन्या घरांत चहाला बसलो की मी हळूच विजयानंदाचा विषय काढतो. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं, "आमचे आजोबा त्या रात्री तिथंच होते." आजवर मी ऐकलेले सगळे आजोबा एकत्र केले तर विजयानंद पुरणार नाही, प्रयोग गोल्फ क्लबच्या मैदानावर ठेवावा लागेल. गंमत म्हणजे हे सगळे आजोबा तिसऱ्या नाहीतर चौथ्या रांगेत होते. सगळं स्पष्ट दिसेल इतके जवळ, पण पहिल्या रांगेत एकही नाही. साहेबाला निरोप द्यायला वर्गणी काढणारे, हार आणणारे, खुर्च्या मांडायला सांगणारे असे काही प्रतिष्ठित लोक त्या रात्री होतेच ना? त्यांनाही नातवंडं झालीच असतील. पण "आमच्या आजोबांनी त्या समारंभाला पाच रुपये दिले होते" असं सांगणारा नातू मला अजून भेटायचा आहे.

मला हसू येतं, पण ते पुरतं येत नाही. कारण त्या निरोपाला जमलेली माणसं काही आकाशातून आलेली नव्हती. ती वकील होती, सावकार होती, नोकरदार होती. म्हणजे तुमच्याआमच्यासारखीच पोटापाण्याला लागलेली. साहेब जाताना दोन चांगले शब्द बोलावेत, नाटक दाखवावं, एवढाच व्यवहार. आजही बदली झालेल्या अधिकाऱ्याला शाल-नारळ देताना आपण याहून वेगळं काय करतो? अठराव्या वर्षी अनंतानं जे केलं ते करण्याची ताकद लाखात एखाद्याची. पाच रुपये वर्गणी देण्याची ताकद मात्र आपल्या सगळ्यांची आहे, आणि आपण ती वेळोवेळी दाखवलेलीही आहे. इतिहासात आपल्याला पूर्वज निवडता येतात असं आपण धरून चालतो. विजयानंदापुढे उभं राहिलं की तेवढं सोपं राहत नाही.

पुढे विजयानंदाचं जे व्हायचं तेच झालं. नाटकाच्या थिएटरात सिनेमा आला. हा काही नाशकाला बाहेरून झालेला उपद्रव नव्हे. सिनेमा नाशिकच्याच माणसानं आणला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवला आणि नंतर आपला कारखाना नाशकाला हलवला. गावात रावण आणि मारुती यांची शूटिंगं व्हायला लागल्यावर लोकांना थिएटरात नाटकवाल्यांचे रावण पुरेनात. पण नाटकाचा मोह फाळक्यांनाही सुटला नाही. मधल्या काळात ते काशीला जाऊन राहिले आणि तिथं त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, तेही चांगलं लांबलचक. ज्यानं नाटकवाल्यांच्या पोटावर पाय दिला असं म्हणावं, तोच नाटक लिहायला बसतो. नाशिकच्या पाण्यातच काहीतरी असावं. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर याच गावात राहून नाटकं लिहीत होते, आणि त्यांची नाटकं बघायला आम्ही वणीहून येत होतो, हे मी अभिमानानं सांगतो. त्यात आमचं कर्तृत्व तिकिटापुरतं, पण भाव्यांपासून पाहिलं तर ते कर्तृत्व लहान नाही.

त्या १८७६ च्या कायद्याचंही सांगून टाकतो. साहेब गेला, राज्य गेलं, कीचक गेला, तरी तो कायदा केंद्राच्या कायद्यांच्या यादीत बसून होता. २०१८ साली तो रद्द झाला. एकशे बेचाळीस वर्षं चालला. मराठीत इतकं दीर्घकाळ चाललेलं नाटक मला आठवत नाही.

आणि अनंत कान्हेरे? नाशकात त्यांच्या नावाचं मोठं मैदान आहे. तिथं रणजीचे सामने होतात. पाटीवर 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' असं स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि रिक्षावाल्याला सांगताना पुष्कळ लोक अजून "गोल्फ क्लब" म्हणतात. तिथं गोल्फ खेळणारा साहेब जाऊन किती वर्षं झाली, तरी त्याचा क्लब जिभेवर टिकून आहे. ज्या मुलानं साहेबाविरुद्ध जीव दिला त्याचं नाव पाटीवर, आणि साहेबाच्या खेळाचं नाव तोंडात. यात कुणाचा द्रोह नाही, सवय आहे. सवय कायद्यापेक्षा चिवट असते. तिला रद्द करायला अजून कुठलं अधिवेशन भरलेलं नाही.

मला आपलं वाटतं ते इतकंच. विजयानंदात त्या एका रात्रीच्या आधी आणि नंतर शेकडो रात्री झाल्या. कुणी शारदेसाठी रडलं, कुणी भुजंगनाथाला हसलं, कुणी पोर मांडीवर झोपवून पद ऐकलं, कुणी चौथ्या वन्समोअरला कंटाळून शेंगा सोलल्या. त्या रात्रींची कुणी नोंद ठेवली नाही, कारण त्या रात्री नावाप्रमाणे नुसता आनंद झाला. आनंदाचा पंचनामा होत नाही. गोळीचा होतो. म्हणून इमारतीला शंभर वर्षं आयुष्य लाभलं तरी लोकांच्या लेखी तिचं वय एका रात्रीचं.

ती एक रात्र विसरू नये, हे तर खरंच. पण ती सांगताना सगळी सांगावी. पोराची सांगावी, साहेबाच्या दोन्ही बाजूंची सांगावी, आणि हार घेऊन उभ्या असलेल्यांचीही सांगावी. काकांच्या मागून आता ती गोष्ट मीच पाहुण्यांना सांगतो. छत्री माझ्याकडे नाही, बोट दाखवतो. गोळ्या चारच ठेवल्या आहेत. पहिली रांग मात्र भरलेली सांगतो, आणि पाहुणे विचारतात, "म्हणजे आपलेच लोक होते का हो तिथं?" तेव्हा मी हो म्हणतो आणि गाडीची वेळ झाली का ते बघतो.